झुंबरच्या काखेतलं कोकरू

सारजाच्या हनुवटीवर डाव्या बाजूला एक तीळ आहे. इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांतल्या कितीतरी लोकांना स्वतःच्या मावसभावाचा चेहरा धड आठवणार नाही, पण हा तीळ ठाऊक आहे. सारजा बारामतीच्या स्टँडवर उतरली की एखादी अनोळखी बाई थांबते, तिच्या हनुवटीकडे बघते आणि पदराआड हसते. सारजा पदर ओढून पुढे चालू लागते. सत्तावीस वर्षं असंच चाललं आहे आणि त्याला कारण तिचा नवरा.

तिचा नवरा म्हणजे शेळगावचा बिरू पेंटर. बिरूचा बाप मेंढरं घेऊन हिंडायचा. दुसऱ्याच्या कळपात आपलं मेंढरू मिसळू नये म्हणून त्याच्या पाठीवर रंगाची खूण करतात. ती खूण करायचं काम लहानपणी बिरूकडे होतं. बापाने सांगितलेलं असायचं, एक लाल ठिपका. बिरू मेंढरागणिक वेगळं काढायचा. कुणाच्या पाठीवर मोर, कुणाच्या पाठीवर गावच्या तलाठ्याच्या मिशा. बापाने एकदा काठी हाणली आणि मग चुलत्याच्या सल्ल्याने त्याला वालचंदनगरला एका पेंटरच्या हाताखाली धाडून दिलं. पुढे मेंढरं विकली, थोडी जमीन बागायत झाली, त्यात ऊस आला, पण बिरूचा ब्रश सुटला नाही. दुकानांच्या पाट्या झाल्या, शाळांच्या भिंती झाल्या. मग फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम बसलं. उरल्या त्या ट्रॉल्या. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी पंचक्रोशीतल्या ट्रॉल्या बिरूकडून रंगवून घेतात, कारण ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर, म्हणजे माल उतरवायला खाली पाडतात त्या झडपेवर, त्याने काढलेला मोर पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकतो.

हे पोटापाण्याचं झालं. झुंबर वेगळा.

झुंबर ‘नीराकाठ’ नावाच्या बारामतीच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर तळाला असतो. तीन चौकटी. काटकुळे पाय, कानापर्यंत मिशा, पायात एकच चप्पल, कारण दुसरी तो कायम कुठेतरी विसरून आलेला. वय पन्नास. सत्तावीस वर्षांपूर्वी संपादक मानसिंगरावांनी जाहिरातीची मोकळी राहिलेली जागा भरायला बिरूकडून एक चित्र काढून घेतलं, तेव्हाही तो पन्नासचाच होता. त्याची बायको शकुबाई. तिच्या हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ.

बिरूला कल्पना कधी सुचल्या नाहीत. त्याला त्या लागल्याच नाहीत. घरात जे घडेल ते तो काढायचा. रविवारी शिऱ्यात साखरेऐवजी मीठ पडलं, की सोमवारी सकाळच्या एसटीने कंडक्टरच्या हाती पाकीट बारामतीला जायचं आणि गुरुवारी दोन तालुके तो शिरा खायचे. सारजाने केसांना मेंदी लावली आणि ती नारिंगी झाली, तेव्हा शकुबाईचं डोकं पाहून झुंबरने अग्निशामक दलाला फोन केला. सारजा आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तर पुढच्या गुरुवारी तिन्ही चौकटींत शकुबाई आणि झुंबर समोरासमोर बसलेले, आणि बोलण्याचे फुगे रिकामे. त्या अंकाची मानसिंगरावांना जादा छपाई करावी लागली.

गावाने यातून एक गोष्ट पक्की ओळखली. झुंबरला जे होतं ते बिरूच्या घरात झालेलं असतं. झुंबरने म्हैस घेतली, तेव्हा डेअरीवाला बिरूच्या दारात आला आणि म्हैस खरंच दारात होती. झुंबरची दाढ दुखायला लागली, तेव्हा तीन घरांतून लवंगा आल्या.

सारजाने जाहीर केलं होतं की आपण तो पेपर हातात धरत नाही. भाकरी गुंडाळायला धरते, तेवढाच. गावाचा यावर विश्वास होता. खरी गोष्ट अशी, की दर गुरुवारी दहाच्या सुमाराला तिच्या घरातलं पीठ संपायचं. गिरणीत दळण रांगेत लावून ती बाकावर बसायची, तिथे गिरणीवाल्याचा पेपर पडलेला असायचा आणि ती शेवटचं पान भिंतीकडे तोंड करून वाचायची. गिरणीवाल्याला एवढंच कोडं होतं की हे कुटुंब आठवड्याला खातं तरी किती.

झुंबरला सुरुवातीला एक पोरगाही होता. तो म्हणजे अर्थातच यांचा रविराज. रविराज आठवीत असताना शाळेची सहल गेली. पहिल्याच मुक्कामी त्याला आईची आठवण आली आणि तो इतका रडला, की बिरूला मोटारसायकल घेऊन त्याला आणायला जावं लागलं. गुरुवारी ते छापून आलं. वर्गात त्याचं नाव कोकरू पडलं. त्या संध्याकाळी रविराज बापासमोर उभा राहिला, डोळे सुजलेले, आणि म्हणाला की मला पुन्हा कधी काढायचं नाही, बिरोबाची आण घ्या. बिरूने आण घेतली आणि पाळली. झुंबरचा पोरगा चौकटीतून गेला. कुणी विचारलंही नाही, कारण त्याच आठवड्यापासून झुंबरच्या काखेत एक कोकरू आलं आणि लोकांना ते फार आवडलं.

तेरा वर्षं ते कोकरू काखेतच आहे. मोठं होत नाही. बोलत नाही. झुंबर बाजारात जावो नाहीतर तहसील कचेरीत, कोकरू काखेत.

गाव त्याला कोकरूच समजत होतं. सारजाला काय ते ठाऊक होतं. रविराज बारावी नापास झाला त्या आठवड्यात कोकराचे कान पडलेले होते. तो भरतीत निघून फौजेत गेला, त्या गुरुवारी कोकराच्या डोक्यावर एवढीशी टोपी होती. पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा ते झुंबरच्या काखेतून निम्मं बाहेर पडून नाचत होतं. सारजा झुंबर काय म्हणतो ते नंतर वाचायची. आधी कोकरू बघायची. हे तिने बिरूला सांगितलं नव्हतं आणि बिरूनेही तिला सांगितलं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात अशा दोन-तीन गोष्टी असतातच.

रविराजला फौजेत सात वर्षं झाली. गेलं वर्षभर तो वर कुठेतरी बर्फात होता. दर रविवारी फोन यायचा. व्हिडिओवर यायचा, दात दाखवायचा, सारजा त्याला जेवणात काय होतं ते विचारायची. या दसऱ्यानंतर मात्र फोन नुसता आवाजावर यायला लागला. नेट नाही, म्हणाला. असेल. बर्फात कुठलं नेट.

त्याच सुमाराला झुंबर फौजेत भरती झाला.

पहिल्या आठवड्यात तो भरतीच्या रांगेत उभा होता, काखेत कोकरू. साहेबाने वय विचारलं. झुंबर म्हणाला, “सत्तावीस वर्षं झाली, पन्नासच हाय.” सगळा शेळगाव हसला. सारजा गिरणीत तोंडाला पदर लावून हसली. दुसऱ्या आठवड्यात झुंबर बर्फाच्या डोंगरावर पोचला, चारी बाजूंनी पांढरं बघून म्हणाला, “हितं सगळ्याला चुना मारून ठिवलाय, रंग कवा देणार?” कोकराला कानटोपी होती. सारजाला बरं वाटलं. पोराला थंडी वाजत असणार, बापाला आठवण आहे म्हणायची.

तिसऱ्या गुरुवारी सारजा गिरणीत गेलीच नाही. तिची लेक सृष्टी बारामतीला नर्सिंग शिकते, वसतिगृहात राहते. तिला लाडू-चिवडा द्यायला सारजा सकाळीच गेली ती दिवेलागणीला परतली. तेव्हा बिरू जेवून झोपला होता. सात वाजता झोपला होता. हे तिला जरा नवल वाटलं, पण ट्रॉल्यांचा हंगाम आहे, दमला असेल, म्हणून तिने सोडून दिलं.

शुक्रवारी सकाळी बिरू कळंबला ट्रॉली रंगवायला गेला आणि तासाभराने दगडाबाई आली.

दगडाबाई म्हणजे सारजाची चुलत सासू. सत्तरीची, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. एरवी ती दारातूनच काहीतरी टोमणा आत टाकून मग स्वतः आत यायची. आज मुकाट्याने आली. हातात बिस्किटाचा पुडा आणि चार मोसंबी. घोंगडीवर बसली, सारजाच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा नको म्हणाली. दगडाबाईने चहा नको म्हटल्याचं सारजाने आजवर ऐकलं नव्हतं.

तिच्या मागोमाग शेजारची झाली, मग डेअरीवाल्याची बायको, मग चक्क गिरणीवाला. कुणाच्या हातात केळी, कुणाच्या शहाळं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि शनिवारी आजाऱ्याला भेटायला जायचं नसतं म्हणून ज्याने त्याने शुक्रवारीच उरकून घ्यायचं ठरवलं होतं. सारजाला काही सुधरेना. सगळे बसले, एकमेकांकडे बघून सुस्कारे टाकत राहिले. सारजाला वाटलं, ही यांची काहीतरी नवी थट्टा आहे आणि गुरुवारी पेपरात शहाळ्यासकट येणार आहे.

शेवटी दगडाबाईलाच धीर निघेना. ती पुढे सरकून हळू आवाजात म्हणाली, “सारजे, कुठं लागलंय पोराला?”

“कुठल्या पोराला?”

घोंगडीवरची सगळी माणसं खाली बघायला लागली. गिरणीवाला उठला आणि दारात चपला शोधायला लागला, ज्या त्याच्या समोरच होत्या. “म्हंजी ह्यांना म्हाईत न्हाय,” तो म्हणाला, आणि बाहेर पडला. जाताना मात्र खिशातली पेपराची घडी शहाळ्याजवळ ठेवून गेला.

सारजाने सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांसमोर तो पेपर उघडला.

पहिल्या चौकटीत दवाखान्याची खाट होती. खाटेवर झुंबर. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला, नुसत्या मिशा बाहेर. कुठे लागलंय काही कळत नव्हतं, कारण सगळीकडेच पट्टी होती. दुसऱ्या चौकटीत तो डॉक्टरला म्हणत होता, “घरी कळवू नगा.” तिसऱ्यात शकुबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि म्हणत होती, “आमचं माणूस मजेत हाय. थंडी लय हाय म्हणं तिकडं.” शकुबाईच्या पातळाला बारीक फुलं होती. मागच्या रविवारी रविराजचा फोन आला तेव्हा सारजाच्या अंगावर ते पातळ होतं, आणि फोन ठेवल्यावर ती बिरूला हेच म्हणाली होती. शब्द न् शब्द.

मग ती पुन्हा पहिल्या चौकटीकडे आली. कोकरू शोधलं. ते काखेत नव्हतं, खाटेच्या पायथ्याशी बसलं होतं, पानाच्या अगदी कडेला. छपाईत निम्मं कापलं गेलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. त्याच्या मागच्या डाव्या पायाला पट्टी होती. तिळाएवढी. बिरूने ती इतक्या बारीक रेषेने काढली होती की दगडाबाईला चष्मा लावूनही दिसली नसती.

सारजाने पेपराची घडी केली. बायांना म्हणाली की बसा, मी आलेच, आणि तशीच रस्त्याला लागली. फोन करून पाहिला. रविराजचा फोन संपर्कक्षेत्राबाहेर. बिरूचा लागत होता, पण तिने लावला नाही. फोनवर तो काहीतरी गुळमुळीत बोलेल हे तिला ठाऊक होतं. वडापची जीप भरलेली होती. ती दोन माणसांच्या मध्ये अर्ध्या जागेवर बसली. समोरच्या म्हाताऱ्याने तिच्या हनुवटीकडे पाहिलं, ओळखलं, आणि आज हसला नाही.

कळंबच्या अलीकडे एका वस्तीवर चिंचेखाली ट्रॉली उभी होती. बिरू तिच्या मागच्या फाळक्यापुढे उकिडवा बसून मोराच्या पिसाऱ्याला डोळे काढत होता. सारजाची सावली फाळक्यावर पडली तरी त्याने मान वळवली नाही.

“डावाच पाय हाय ना?” सारजा म्हणाली.

बिरूचा ब्रश थांबला. “तुला कुणी सांगितलं?”

“कोकरानं.”

मोराच्या पिसावर निळ्या रंगाचा ओघळ आला, तो त्याने बोटाने टिपून घेतला.

“हाय का न्हाय पाय?” तिने विचारलं. हे विचारण्यासाठी ती इतका वेळ तोंड मिटून आली होती.

“हाय. अगं, हाय. कडंची दोन बोटं गेली. हाडात सळई घातलीया. काठी घिऊन चालतोय.”

सारजा ट्रॉलीच्या दांड्यावर बसली. गोळी कुठून आली, कुणी मारली, असं काहीतरी ती विचारत होती. बिरूने मान हलवली आणि अंग चोरून सांगितलं, जसं काही चूक त्याचीच होती. गोळी नव्हती. ट्रकमधून बटाट्याची पोती उतरवत होते. फाळक्याची कडी गोठून धड बसली नव्हती. फाळका निसटला आणि पायावर आला. रविराजने दसऱ्यानंतर एका मंगळवारी, भलत्याच दिवशी, बापाला फोन केला. आईला सांगू नका म्हणाला, ती जेवणार नाही. आणि गावालाही सांगू नका, बटाट्यापायी बोटं गेली म्हटल्यावर जन्मभर हसतील.

सारजा फाळक्याकडे बघत राहिली. तीस वर्षं या माणसाने फाळक्यांवर मोर काढले होते.

मग तिला राग आला. तो यायचाच होता, फक्त पाय शाबूत आहे एवढं कळायची वाट बघत होता. नवऱ्याने बायकोपासून लपवावं, एकवेळ ठीक. पण बायकोला सांगायचं नाही आणि दोन तालुक्यांना सांगायचं, ही कुठली रीत. सगळं गाव घरात येऊन बसलंय, मोसंबी घेऊन, आणि तिला चहा ठेवायचा का रडायचं हे कळत नव्हतं.

“मी कुणाला काय सांगितलं?” बिरू म्हणाला. “शबुद दिला हुता त्याला. त्यात रविराज कुठं हाय? झुंबर हाय.”

“आणि कोकरू?”

बिरूने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, विनाकारण धुतला, पुन्हा बुडवला. “पोटात मावंना,” तो म्हणाला. “तुला कसं सांगावं कळंना. हात आपसूक काढत गेला.”

सारजा उठली, पातळ झटकलं. घरी जाऊन चहा ठेवायला हवा होता, एव्हाना दगडाबाईने साखरेचा डबा शोधला असेल. जाता जाता ती थांबली, वाकली आणि त्या ट्रॉलीच्या फाळक्याची कडी नीट बसली आहे का ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.

रविवारी रविराजचा फोन आला, नुसता आवाजाचा. बिरू दाराच्या चौकटीला टेकून श्वास रोखून उभा. सारजाने विचारलं, कसा हाईस. मजेत, तो म्हणाला. थंडी लय असल, ती म्हणाली. तो म्हणाला, लय. जेवणात काय होतं, तर बटाटा. सारजाने फोन बिरूच्या हातात दिला आणि परड्यात जाऊन तोंडावर पाणी मारून आली. बिरूला वाटलं होतं, ती पोराला झाडणार. तिचं म्हणणं वेगळंच होतं. लपवलंय त्याने, तर दाखवायचंही त्यानेच. आपण कशाला त्याची झाकलेली मूठ उचकटायची.

पण त्या दिवशी दुपारी बिरू कागद घेऊन बसला तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन बसली. सत्तावीस वर्षांत ती पहिल्यांदा म्हणाली की यावेळी काय काढायचं ते मी सांगते. बिरूने कुरकुर केली. शकुबाईचा हात असा नसतो, चौकटीत एवढं बोलणं मावत नाही, तीळ लहान काढला तर वाचकांच्या तक्रारी येतात. ती हलली नाही.

गुरुवारी ‘नीराकाठ’ आला. पहिल्या चौकटीत शकुबाई भाकरीचं गाठोडं घेऊन भरगच्च जीपमध्ये बसली होती, तिच्याभोवती बर्फ. दुसऱ्यात ती दवाखान्यात पोचली होती, आणि पट्ट्यांत गुंडाळलेल्या झुंबरकडे ढुंकूनही न बघता खाटेच्या पायथ्याशी वाकून कोकराचा पाय हातात घेऊन बघत होती. तिसऱ्यात ती नुसती समोर बघत होती, चौकटीच्या बाहेर, वाचणाऱ्याकडे. म्हणत होती, “दडवायचंच आसंल तर बापाला सांगू ने. त्याच्या पोटात ऱ्हात न्हाय. आईच्या ऱ्हातं.”

गावातली पोरं दर गुरुवारी झुंबरचा फोटो काढून रविराजला पाठवतात, हे सारजाला ठाऊक होतं. त्या सकाळी ती गिरणीत गेली नाही. भाकरी केल्या, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. सव्वाअकराला फोन वाजला. व्हिडिओवर.

रविराज दवाखान्याच्या खाटेवर बसलेला होता. दाढी वाढलेली. तो पेपरातल्या शकुबाईसारखाच नुसता समोर बघत राहिला.

“आये, दाखवू?”

“दाखीव.”

फोन हलला, छत दिसलं, चादर दिसली, मग पाय. घोट्याला टाक्यांची लांब रेघ. पट्टी सोडलेली होती. सारजाने फोन डोळ्यांजवळ घेतला. एक, दोन, तीन. पुढे काही नव्हतं, तिथे कातडी गुलाबी होऊन मिटली होती.

“हलीव बघू.”

तीन बोटं हलली. अंगठा जरा जास्त हलला, खोडीने, लहानपणी हलायचा तसा.

सारजा बघत राहिली. मग ती म्हणाली, “नखं किती वाढलीत रं. काप की.”

पलीकडे रविराज हसला, मग त्याला ते हसू आवरेना, आणि मग ते हसूच राहिलं नाही. सारजाने फोन तसाच धरून ठेवला. बिरू दारात उभा होता. त्याला तिने हाताने खुणावलं की आत्ता नको, जरा थांबा.

रविराज सुट्टीवर आला तेव्हा ऊसतोड भरात होती, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग. काठी टेकत तो फाट्यावरून घरापर्यंत चालत आला आणि पंधरा ठिकाणी त्याला थांबवून गोळी कुठून आली ते विचारलं गेलं. तो सरळ सांगायचा की ट्रकचा फाळका पडला, बटाटे उतरवत होतो. लोक एकमेकांकडे बघून मान डोलवायचे. पोरगं शिस्तीचं आहे, फौजेतलं गुपित बाहेर काढत नाही. तिसऱ्या दिवशी तरुण मंडळाने सत्काराचा फ्लेक्स करायला टाकला. त्यावर रविराजच्या हातात बंदूक होती आणि मागे डोंगर पेटलेला होता. फ्लेक्स लागायच्या आधी त्याचा फोटो रविराजच्या फोनवर आला. त्या दिवशी तो जेवला नाही. जी बोटं गेली त्यांची त्याला इतकी लाज वाटली नव्हती, जितकी त्या पेटलेल्या डोंगराची.

संध्याकाळी बिरू अंगणात पट्टीने चौकटी आखत बसला होता. रविराज काठी टेकत आला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. आठवीत उभा राहिला होता तसाच.

“आप्पा, मला काढा.”

बिरूने वर पाहिलं. “बिरोबाची आण हाय.”

“मीच घातलीया. मीच सोडवतो. फाळका काढा, बटाटं काढा. सगळं जसं झालं तसं काढा.”

बिरूने सारजाकडे पाहिलं. ती ज्वारी निवडत होती. तिने सुपातून मान वर केली नाही, पण पायाने स्टूल पुढे सरकवला. रविराज त्यावर बसला. डावा पाय त्याने पाटावर ठेवला, बापाला नीट दिसेल असा. बिरूने पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्यांदा बोटं मोजली, तीन, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं. उजेड जाईपर्यंत तो काढत होता.

गुरुवारी सारजाने पेपर गिरणीत वाचला नाही. दारातल्या ओट्यावर बसून उघडला. रस्त्याने जाणाऱ्यांना दिसेल असा. तिन्ही चौकटींत बटाटेच बटाटे होते, पोत्यांतून गडगडणारे, आणि त्यांच्या मधोमध फौजी वेशात एक तरणा पोरगा एका पायावर नाचत होता. नाक बिरूचं, जबडा सारजाचा. झुंबर बाजूला एकच चप्पल घालून बटाटे गोळा करत होता. शकुबाईचा तीळ हरभऱ्याएवढा होता, तो सारजाने माफ केला. ती कोकरू शोधत होती. झुंबरची काख रिकामी होती.

तिसऱ्या चौकटीत, अगदी खाली, ते सापडलं. जमिनीवर चार पायांवर उभं. मागचा डावा जरासा उचललेला.

“ह्याला खाली ठिवलंत व्हय?” ती म्हणाली.

बिरू अंगणात ब्रश धूत होता. “तेरा वर्षं काखंत हाय,” तो म्हणाला. “हाताला रग लागती.”

आतून रविराजने विचारलं की काय आहे पेपरात, लोक फार हसतायत का. सारजाने काही नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी त्याच्या भाकरी तिने दुसऱ्या पानात गुंडाळल्या आणि शेवटचं पान जपून ठेवलं.